बाक आता आपणच मांडायचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी ५६ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मुलगी दूर राहते. शाळेपासूनची माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती, ती मागच्या वर्षी गेली. नवऱ्याला घराबाहेर पडायची आवड नाही. मुलीने फार आग्रह केला म्हणून आमच्या भागातल्या लोकांच्या दोन सहलींना जाऊन आले. पहिलीत तीसएक माणसं होती. सगळे आपापल्या ओळखीच्यांत रमलेले, मी दिवसभर बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. दुसरी पक्षी बघायला जाणाऱ्या आठजणांची फेरी होती. तिथे एका बाईंनी मला आपली दुर्बीण देऊन खंड्या दाखवला. त्यांच्याबरोबर बरं वाटलं, पण नंबर मागायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर रात्रभर मी काय काय बावळटासारखं बोलले तेच आठवत राहिलं. आता पुढच्या फेरीचा मेसेज आला आहे. जाऊ की नको? मला तर वाटायला लागलंय, की पन्नाशीनंतर ओळखी होतात, मैत्री होत नाही.

उत्तर

प्रिय ताई,

मैत्रीण गेल्याचं तुम्ही एका ओळीत सांगितलंत आणि लगेच सहलींकडे वळलात. मला त्या ओळीपाशी थोडं थांबू द्या. शाळेपासूनची मैत्रीण जाते तेव्हा आपलं माणूस तर जातंच, पण आपण दहाव्या वर्षी कशा हसायचो, कुणाला घाबरायचो, कुठलं खोटं बोलून सुटलो होतो, हे सांगणारी साक्षीदारही जाते. वर्षभरात हे दुःख निवळत नाही. सहलीत कुणी आपुलकीने बोललं आणि पाठोपाठ तिची आठवण येऊन गलबलून आलं, तर त्यात वावगं काही नाही. नवीन कुणाशी जवळीक करणं म्हणजे तिच्याशी बेइमानी, असंही कधी मनात येत असेल. तसं नाही हो. तिची जागा तिचीच राहणार आहे. त्या दुर्बीणवाल्या बाईंना तिथे बसवायचंच नाहीये. त्यांच्यासाठी वेगळी जागा करायची आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. पन्नाशीनंतर ओळखी होतात, मैत्री होत नाही. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण जाऊ की नको याचं उत्तर त्यातच आहे.

तुमची ती मैत्रीण मैत्रीण झाली कशी, आठवून बघा. तुम्ही तिला निवडलं नव्हतं. बाईंनी उंचीप्रमाणे नाहीतर हजेरीपटाप्रमाणे एका बाकावर बसवलं असेल. पहिल्या दिवशी काही खास बोलणं झालं नसेल. पट्टीवरून किंवा जागेवरून भांडणही झालं असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शेजारी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. शाळेचे रोजचे पाच तास धरले, तर ४० दिवसांत तुम्ही एकमेकींच्या शेजारी २०० तास बसला होतात. तेही 'आपलं जमेल का', 'मी काय बोलले', 'तिला मी आवडले का' यातली एकही चिंता न करता.

हा २०० चा आकडा मी सहज घेतलेला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचाच अभ्यास मांडला. नव्या ठिकाणी राहायला गेलेली मोठी माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारलं, की नव्याने भेटलेल्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि तो माणूस आता तुमचा कोण लागतो. त्यातून निघालेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मनापासून मित्र म्हणावं इथवर यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० पेक्षा जास्त. हे अंदाज आहेत, कुणाचं सूत थोडक्यात जुळतं तर कुणाचं जुळतच नाही. पण त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. कामाच्या ठिकाणी एकत्र काढलेले तास जवळीक वाढवायला तितके उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ते मोकळ्या वेळातले, कामाशिवायचे तास. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली माणसं नोकरी सुटल्यावर फोनसुद्धा का करत नाहीत, याचं दुःख पुष्कळजणी मला कळवतात. तुम्हीही त्यातून गेला असाल. त्यांनी तुम्हाला फसवलं नाही, ताई. ते तास कामाचे होते, एवढंच.

आता हिशोब करू. पक्ष्यांच्या फेरीत त्या बाईंबरोबर तुमचा फार तर दीड तास गेला असेल. ५० तासांपैकी दीड. आणि तेवढ्यावर तुम्ही पन्नाशीपुढच्या सगळ्या मैत्रीचा निकाल लावून मोकळ्या झालात! वय वाढल्यामुळे मैत्री करायची शक्ती आटत नाही. आटतात ते आपोआप मिळणारे तास. लहानपणी बाक कुणीतरी मांडून ठेवलेला असतो, आपण फक्त जाऊन बसतो. पन्नाशीनंतर तो बाक आपला आपण मांडावा लागतो, आणि मांडून झाल्यावर त्याच बाकावर पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागतं.

'पुन्हा पुन्हा' हाच माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा आहे. एकटेपणाला कंटाळलेली माणसं बहुतेक वेळा उलटं करतात. एका गटात जातात, दोन वेळा जाऊन काही घडलं नाही की तो सोडून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. वर्षभरात शंभर नवे चेहरे बघतात, आणि दोन तासांपलीकडे एकाही माणसाबरोबर पोहोचत नाहीत. मी म्हणते, नवी माणसं शोधू नका, त्याच माणसांना पुन्हा भेटा. दर आठवड्याला दोन तास भेटलात तर ५० तास व्हायला २५ आठवडे लागतील, म्हणजे जेमतेम सहा महिने. पंधरवड्याला अडीच तास भेटलात तर दहा महिने. आठजणांतले सगळे तास एकाच माणसाच्या वाट्याला येणार नाहीत हे खरं, म्हणून थोडा वेळ जास्तच धरा. पण दहा महिने काय किंवा वर्ष काय, ते तसंही जाणारच आहे.

आपल्या भाषेने हा रस्ता कधीच नोंदवून ठेवलाय. आधी तोंडओळख, मग ओळख, मग घसट, मग घरोबा. यातला 'घसट' हा शब्द मला फार आवडतो. घासण्यातून आलेला. एकमेकांना लागून, घासून, जरा झिजून जवळ येणं. पहिल्या भेटीत घसट होत नाही. तुम्ही तोंडओळखीच्या पायरीवर उभ्या आहात आणि घरोबा दिसत नाही म्हणून परत फिरताय.

नुसतं दिसत राहण्यानेही किती काम होतं बघा. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग मांडला. चार तरुणींना एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसायला पाठवलं. एक सत्रभरात एकदाही गेली नाही, दुसरी ५ वेळा गेली, तिसरी १० आणि चौथी १५ वेळा. कुणाशीही बोलायचं नाही, फक्त येऊन बसायचं. सत्राच्या शेवटी वर्गातल्या मुलांना चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जितकी जास्त वेळा आली होती तितकी ती जास्त आवडलेली निघाली. एका शब्दाची देवाणघेवाण न होता! अतिपरिचयात अवज्ञा होते असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंही असेल, पण तुम्ही अतिपरिचयापासून अजून बऱ्याच लांब आहात. या घडीला तुमची गरज साध्या परिचयाची आहे. तेव्हा पुढच्या फेरीत एक अक्षर सुचलं नाही तरी जा. तुम्ही तिथे असणं हेसुद्धा काम करत असतं.

कुठल्या गटात जावं याबद्दल तुमचा अनुभवच बोलतो. तीसजणांच्या बसमध्ये तुम्ही एकट्या पडलात, आठजणांत नाही पडलात. हा तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. गप्पांच्या एका घोळक्यात सहसा चारच माणसं टिकतात. पाचवं आलं की घोळका फुटून दोन होतात. ब्रिटनमधले रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलंय, आणि कुठल्याही समारंभात उभं राहून पाहिलंत तर तुम्हालाही दिसेल. तीस माणसांत सात-आठ घोळके होतात आणि ते सगळे आधीपासूनच्या ओळखीचे असतात. नव्या माणसाला त्यात शिरायला फट सापडत नाही. सहा ते दहा माणसं असली की दोन-तीनच घोळके होतात, ते मोडतात, पुन्हा जुळतात, आणि कुणी एकटं मागे राहिलं तर चटकन लक्षात येतं. शिवाय वय वाढतं तशी लांबच्या ओळखींची वर्दळ आपल्याला नकोशी होऊ लागते, मोजकी आणि जवळची माणसं हवीशी वाटतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेनसन यांनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला आहे. गर्दीत जीव रमत नाही म्हणून स्वतःला माणूसघाणं ठरवू नका. मोठ्या सहली खुशाल सोडून द्या.

आणि त्यातही चालण्याच्या फेऱ्या धरा, हे माझं आवडतं मत. समोरासमोर बसलं की बोलावंच लागतं. नजर कुठे ठेवायची, शांतता पडली तर काय करायचं, हे सगळं अंगावर येतं. चालताना दोघींची नजर रस्त्यावर असते. बोलणं थांबलं तरी पाय चालू असतात, त्यामुळे शांतता अवघडत नाही. चढ लागला की कुणी मागे राहतं, कुणी पुढे जातं, जोड्या आपोआप बदलतात. ज्यांच्याबरोबर जमत नाही त्यांच्यापासून चपलेचा बंद नीट करायच्या निमित्ताने सुटताही येतं. पक्षी, झाडं, जुन्या वास्तू, आकाशातले तारे, असं काहीतरी बघायचं असलं तर आणखी चांगलं. दोघी एकाच गोष्टीकडे बघत असतात तेव्हा 'आता काय बोलू' हा प्रश्नच उरत नाही. त्या बाईंनी तुम्हाला खंड्या दाखवला तेव्हा तुम्हाला बरं वाटलं, ते उगाच नव्हे.

तुम्ही रात्रभर जागून आपली वाक्यं उगाळत बसलात ना, त्याबद्दल. ताई, हे बहुतेक सगळ्यांना होतं. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावल्या आणि नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडलात असं वाटतं? दोघांनाही वाटत होतं, की मला तो जितका आवडला तितका मी काही त्याला आवडलो नसेन. म्हणजे आपण आवडलो त्यापेक्षा कमी आवडलो असंच माणसं घरी घेऊन जातात. ही तफावत एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर कित्येक महिने टिकून राहिलेली दिसली. तुम्ही ज्या रात्री बावळटपणा आठवत जाग्या होतात, त्याच रात्री त्या बाईही कदाचित 'उगाच दुर्बीण त्यांच्या गळ्यात मारली, पक्ष्यांवर किती बडबडले मी' म्हणून कूस बदलत असतील. तुमच्या डोक्यात त्या रात्री जे चाललं होतं त्याला तुम्ही न आवडल्याचा पुरावा म्हणू नका.

माझं स्वतःचं सांगते. एक्कावन्नाव्या वर्षी मला राहतं ठिकाण सोडून नव्या जागी यावं लागलं. झाडं ओळखायला दर पंधरा दिवसांनी निघणाऱ्या सातजणांच्या गटात मी जायला लागले. पाच महिने काहीही घडलं नाही. सगळे बोलायचे, हसायचे, आणि फेरी संपली की आपापल्या वाटेने जायचे. मीही घरी येऊन दार बंद करायची. दर वेळी निघताना वाटायचं, कशाला जायचं? मग एकदा ताप आला म्हणून गेले नाही, कळवलंही नाही. माझं न येणं कुणाच्या लक्षात येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. दुपारी फोन वाजला. गटातल्या एक बाई, जेमतेम चार-पाच वेळा शेजारी चाललेल्या. म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत. आम्ही वळणावर दहा मिनिटं थांबलो होतो." मी फोन ठेवला आणि पलंगावर बसून रडले. या गावात माझ्यासाठी कुणीतरी दहा मिनिटं थांबलं होतं. आज त्या माझ्या कोण आहेत हे सांगायला मला 'मैत्रीण' हा शब्दही अपुरा वाटतो. पण त्या पाच महिन्यांत काहीच घडत नव्हतं, असं जे मला वाटत होतं ते चूक होतं. वळणावरच्या त्या दहा मिनिटांची तयारी तेव्हापासूनच चालली होती.

म्हणून तुमच्या हातात असलेलं एक काम सांगते. न आलेल्या माणसाची चौकशी करा. "काल दिसला नाहीत, बरं आहे ना?" एवढंच. त्यातच जोडून दुसरं काम: मागच्या वेळी कुणी काय सांगितलं ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी त्याबद्दल विचारा. गुडघ्याचं काय झालं, बहिणीचं ऑपरेशन नीट झालं का, ते रोप जगलं का. डोकं साथ देत नसेल तर घरी येऊन वहीत दोन ओळी लिहून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलं बोलणं कुणीतरी पंधरा दिवस जपून ठेवलं हे कळलं की माणूस आतून सैल होतो.

विचारायचं ते जपूनही विचारा. या वयात 'मुलं काय करतात', 'मिस्टर कुठे असतात' हे प्रश्न आपण सवयीने विचारतो, आणि नेमके तेच कुणाच्या तरी जखमेवर पडतात. कुणाला मुलं नसतात, कुणाशी मुलं बोलत नसतात, कुणाचा जोडीदार गेलेला असतो. त्यापेक्षा 'तुम्ही या पक्ष्यांच्या नादाला कशा लागलात?' असं विचारा. ज्याला जेवढं सांगायचं तेवढं तो सांगेल. तुम्हीही तसंच करा. मैत्रीण गेल्याचं तिसऱ्या-चौथ्या फेरीत, एखाद्या शांत टप्प्यावर, सहज येईल तसं सांगा. पहिल्याच भेटीत सगळं दुःख ओतलं तर समोरचं माणूस बुजतं, आणि वर्षभर काहीच सांगितलं नाही तर गप्पा हवापाण्याच्या पुढे सरकत नाहीत. थोडं तुम्ही सांगा, थोडं त्या सांगतील.

फक्त गटात भेटत राहून मात्र मैत्री होत नाही, हे मला तितक्याच ठामपणे म्हणायचंय. कधीतरी दोघींनी गटातून बाहेर पडून भेटावं लागतं. फेरीच्या ठिकाणी एकत्र जाणं, परतताना अर्धा तास एखाद्या बाकावर बसणं, पक्ष्यांचं पुस्तक बघायला वाचनालयात जाणं. निमित्त लहान असावं, वेळ ठरलेली असावी. 'भेटू या हं कधीतरी' याला काही अर्थ नसतो. 'गुरुवारी सकाळी तासभर जमेल?' याला असतो. समोरून नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर लगेच मनाला लावून घेऊ नका. पन्नाशीतल्या माणसाच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाची नातवंडं सांभाळायची असतात, कुणाची स्वतःचीच दुखणी असतात. काही आठवड्यांनी आणखी एकदा विचारा. तेव्हाही नाही म्हणाल्या तर सोडून द्या, आणि फेरीला मात्र जात राहा. गटात आणखी सहाजण आहेत.

व्हॉट्सॲपचा ग्रुप वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा. सकाळ-संध्याकाळचे फॉरवर्ड वाचून आपण संपर्कात आहोत असं वाटत राहतं आणि भेटायची निकड कमी होते. राजकारणावरची भांडणंही तिथेच पेटतात. तीच माणसं टेकडीवर शेजारी चालताना एकमेकांना हात देतात.

काही व्यवहारी गोष्टी भराभर सांगते. निघण्याआधी चढ किती, चालणं किती, वाटेत स्वच्छतागृह आहे का, हे न लाजता विचारा. तुम्ही विचारलंत की आणखी चौघींना हायसं वाटेल. कानाला जरा कमी येत असेल तर तसं सांगून टाका आणि बोलणाऱ्याच्या शेजारी चाला. खर्च ज्याचा त्याने तिथल्या तिथे द्यावा, उधारी नको. सुरुवातीच्या भेटी चारचौघांतल्या जागीच ठेवा. आणि एखादं माणूस फार लवकर फार गोड बोलून पैसे मागू लागलं, कुठल्या योजनेत पैसे गुंतवायला सांगू लागलं, तर त्या क्षणी दूर व्हा. एकट्या पडलेल्या माणसाला हेरणारे लोक असतात, आणि आपण चांगल्या मनाने जातो म्हणून ते चुकत नाही.

नवऱ्याला आवड नसेल तर आग्रह करू नका. एकट्या जा. जोडप्याने गेलं की जोडपं एकमेकांशीच बोलत राहतं, मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. आठवड्यातले दोन तास स्वतःसाठी घेताना आपण चैन करतोय असं वाटत असेल तर हे ऐका: ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. औषधाच्या गोळीसाठी आपण कुणाची परवानगी काढत नाही, अपराधीही वाटून घेत नाही.

समजा हा पक्ष्यांचा गट पुढे बंद पडला. असे गट पडतात बंद, सूत्र सांभाळणारं माणूस थकतं आणि संपतं सगळं. तेव्हा पुन्हा शोधाशोध करत बसू नका, त्यातल्याच तिघी-चौघींना धरून आपला गट करा. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, निघायची जागा ठरलेली. दर वेळी 'कुणाकुणाला जमतंय' असं विचारत बसलं की गट मरतो. दोघी आल्या तरी निघायचं. पाऊस असला तर आडोशाला तासभर बसायचं, पण भेट चुकवायची नाही. बाक मांडायचा म्हणाले ना, तो असा.

तेव्हा जा, ताई. पुढच्या फेरीच्या मेसेजला आजच 'येते' असं उत्तर पाठवा, म्हणजे आदल्या रात्री मन मागे खेचायला लागलं तरी नाव दिलेलं असेल. एक फेरी करून ठरवू नका, निदान दहा करा. आणि त्या बाईंचा नंबर ग्रुपच्या यादीत दिसत असेल तरी तिथून उचलून मेसेज करू नका. समोर मागा. फेरी संपून सगळे पांगायला लागतात ना, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन म्हणा, "मागच्या वेळी तुम्ही खंड्या दाखवलात, तेव्हापासून पाणी दिसलं की मी काठावर त्याला शोधत असते. तुमचा नंबर द्याल? पुढच्या वेळी आपण बरोबरच निघू."